शिखराची अधिकृत जागा

डोंगराला नुसतं शिखर असून भागत नाही. ते कुठे आहे हे कार्यालयाला मान्य असावं लागतं. मान्यता नसलेलं शिखर म्हणजे जन्मनोंद न झालेलं मूल. दिसायला गोंडस, पण शाळेत प्रवेश नाही.

आमचं भूमापन कार्यालय या बाबतीत कधी कमी पडलेलं नाही. शहरामागच्या डोंगरावर आमच्या आधीच्या पिढीने गुडघाभर उंचीचा दगडी खांब रोवला, त्यावर पितळी चकती बसवली, चकतीवर फुली कोरली आणि नकाशात त्या फुलीशेजारी ‘शिखर’ असं लिहून टाकलं. तेव्हापासून डोंगर कुठे संपतो याबद्दल कोणालाही शंका उरली नाही. लोक चढतात, खांबाला हात लावतात, चकतीवर एक पाय ठेवतात, फोटो काढतात आणि उतरतात. (काही जण आजूबाजूला पाहतातही. माझ्या निरीक्षणानुसार हे प्रमाण शेकडा चार आहे, आणि त्यात फोनची बॅटरी संपलेले धरले आहेत.)

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी या कार्यालयात साहाय्यक भूमापक म्हणून लागले ती प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे कर्मचाऱ्याला डोकं आहे का, हे तपासण्याचा काळ. असल्यास ते वापरलं जाणार नाही अशी खात्री पटली की कायम करतात.

साहेबांनी पहिलंच स्वतंत्र काम दिलं.

“वरची चकती हलतेय अशी तक्रार आलीय. घट्ट कर, उंची पुन्हा तपास, अहवाल दे. अहवाल चांगला आला की तुझी फाइल कायम करायला पाठवतो.”

“चांगला म्हणजे कसा, सर?”

“म्हणजे आधीसारखा.”

वर गेले. चकती घट्ट केली. खांबाशेजारी तीन पायांचा स्टँड लावला, त्यावर दुर्बीण बसवली, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून ती अगदी आडवी केली. इथवर सगळं नियमानुसार झालं. मग मी दुर्बीण मागे वळवली. (मागे वळवण्याबद्दल नियमात काही नाही. तिथेच घोळ झाला.)

आडव्या दुर्बिणीच्या मधल्या रेषेवर जे दिसतं, ते आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. मला त्या रेषेवर झुडपांमागच्या एका काळ्या खडकाचं पोट दिसलं. पोट डोळ्यांच्या रेषेत म्हणजे डोकं त्याच्याही वर, हे कळायला पदवी लागत नाही. तरी मी मोजपट्टी घेऊन गेले, खडकावर चढले, तीनदा मोजलं. जेवणाच्या टेबलावर जेवणाचं टेबल ठेवलं तर जितकं उंच होईल, तितका तो खडक आमच्या शिखरापेक्षा उंच होता.

असं का झालं, हे तिथेच कळलं. खडकाचा माथा टोकदार आहे. त्यावर स्टँडचे तीन पाय टेकत नाहीत. म्हणून जुन्या भूमापकांनी सोयीच्या सपाट जागेवर खूण केली. त्यांचं काहीच चुकलं नाही. मोजणीची खूण शिखरावरच हवी, असं कुठेही लिहिलेलं नाही. पुढे नकाशा काढणाऱ्याने, जो स्वतः कधी डोंगर चढला नव्हता, विचार केला की इतक्या लांब जाऊन माणूस खूण शिखराच्या अलीकडे कशाला करेल?

खडकावरून उतरले तेव्हा खांबापाशी चढाई मंडळाचे अध्यक्ष उभे होते. व्यवसायाने दाताचे डॉक्टर. चकतीवर पाय ठेवून ते धाकट्या मेव्हण्याकडून फोटो काढून घेत होते.

मी म्हटलं, “डॉक्टर, शिखर तिकडे आहे.”

“कुठे?”

“तुमच्या मागे.”

त्यांनी वळून पाहिलं. “तो दगड आहे.”

“शिखरं दगडाचीच असतात.”

“अहो ताई, पण त्यावर काही लिहिलेलं नाही!”

मेव्हणा म्हणाला, “भाऊजी, मग आपण इतकी वर्षं कुठे येत होतो?”

“तू फोटो काढ,” डॉक्टर म्हणाले.

मी अहवाल दिला. साहेबांनी तो वाचून पालथा ठेवला आणि कलमकाकांना बोलावलं. कलमकाका म्हणजे आमचे मुख्य लिपिक. त्यांना घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी आधी कोणत्या कलमाखाली बोलावं हे आठवतं.

“व्याख्या स्पष्ट आहे,” कलमकाका म्हणाले. “शिखर म्हणजे नकाशात जिथे शिखर लिहिलंय ती जागा. त्याहून उंच काही आढळल्यास ती अनियमितता.”

“पण काका, डोंगर आधी आला की नकाशा?”

“बेटा, डोंगर कोणी तपासलेला नसतो. नकाशा तपासून सही केलेला असतो.”

बैठक झाली. डॉक्टरही आले. त्यांची बाजू कळकळीची होती: मंडळाने आजवर शेकडो सभासदांना शिखर सर केल्याची प्रमाणपत्रं दिली होती. ती सगळी ‘शिखराच्या थोडं अलीकडे’ अशी बदलायची का? “हयात सभासद कदाचित पुन्हा चढतीलही. पण आमचे संस्थापक वारले. त्यांनी काय करायचं?” यावर सभागृह गंभीर झालं.

तीन पर्याय पुढे आले. खांब उचलून खडकावर न्यावा. (नामंजूर. याच खुणेवरून आसपासच्या सगळ्या जमिनी मोजल्या आहेत. ती हलली तर कोणाची विहीर शेजाऱ्याच्या अंगणात जाईल सांगता येत नाही.) नकाशातला शब्द खोडावा. (नामंजूर. खोडायला चूक झाल्याचं मान्य करावं लागतं, आणि त्यासाठी नमुना उपलब्ध नाही.) खडक काढावा.

“दातांच्या मागे जास्तीचा दात येतो कधीकधी,” डॉक्टर उत्साहाने म्हणाले. “आम्ही तो काढतोच. पेशंट नंतर खूश असतो.”

यात एकच अडचण होती, आणि ती कलमकाकांनीच काढली. शिखराला धक्का लावायला कायद्याने बंदी आहे. खडक खुणेपेक्षा उंच आहे असं म्हटलं तर तो शिखर ठरतो आणि काढता येत नाही. उंच नाही असं म्हटलं तर काढायचं कारण उरत नाही. मग कलमकाकांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला: खडक हा खडकच नाही, असं म्हटलं तर? तो ‘सुटा राडारोडा’ असेल, तर उंचीचा प्रश्नच येत नाही. फक्त साफसफाई करायची.

तसा दाखला भूमापकाने द्यायचा होता. म्हणजे मी.

साहेब प्रेमाने म्हणाले, “दोन्ही कागद एकदमच तयार ठेवलेत. हा राडारोड्याचा, हा तुला कायम केल्याचा. तू यावर सही केलीस की मी त्यावर करतो.”

तो राडारोडा नव्हता. मी हातोडीने ठोकून पाहिलं होतं. डोंगराच्या पोटातून सलग वर आलेला तो पाषाण होता. घरी सांगितलं. बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “खडक काय तुझा मामा लागतो?”

आई म्हणाली, “सही कर आणि मोकळी हो. उद्या त्यांनी घरी बसवलं तर खडक येणार आहे का तुला चहा विचारायला?”

मी नियमावली वाचायला घेतली, आणि मला एक तरतूद सापडली. असं काही काढण्याआधी महिनाभर जागेवर सूचना लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. एक जरी लेखी हरकत आली, तरी चौकशी बसते. आणि आमच्याकडे बसलेली चौकशी उठल्याचं कोणी पाहिलेलं नाही. म्हणजे एका माणसाने एक ओळ लिहिली, तर खडक माझ्या नातवंडांपर्यंत सुरक्षित होता. मला स्वतःला लिहिता येत नव्हतं. कर्मचाऱ्यांना बंदी आहे. आईला म्हटलं, “तू लिही ना.”

“मी? माझी मुलगी नोकरीला आहे तिथे!”

सूचना मी स्वतः लिहिली, ठळक अक्षरांत, कार्यालयीन भाषा कटाक्षाने टाळून: ‘तुम्ही शिखरावर नाही. शिखर तुमच्या मागे आहे. ते तोडायचं ठरतंय. नको असेल तर एक ओळ लिहून कळवा.’ खाली पत्ता. ती खांबालाच बांधली, म्हणजे नजरेतून सुटायला नको. साहेबांनी हसून परवानगी दिली. ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं लोकसेवेत आहेत.

पुढचा महिनाभर मी कार्यालयाच्या गच्चीवरून दुर्बिणीने वर पाहत होते. गर्दी वाढली. सूचनेसकट फोटो काढायची फॅशन निघाली.

एक पत्र आलं. ते मी उभ्याउभ्याच फोडलं. एका नागरिकाने कळवलं होतं की सूचनेमुळे चकती झाकली जाते, तरी सूचना मागच्या खडकावर लावावी.

कलमकाकांनी ते पत्र ‘सूचना’ या सदरात घातलं, ‘हरकत’ या सदरात नाही. मी सही केली. साहेबांनी केली. सुटा राडारोडा सुटा करायला चार यंत्रं वर न्यावी लागली आणि दोन बिघडली. आज आमचा नकाशा बिनचूक आहे. इतर कार्यालयं चूक सापडली की कागद दुरुस्त करत बसतात. आम्ही डोंगर दुरुस्त केला. मी कायम झाले. आईने शेजारी सांगितलं.

हे वाचून तुम्हाला माझा राग आला असेल. येणारच. पण मी दुर्बिणीतून पाहत होते म्हणून सांगते, त्या महिन्यात तुम्हीही वर येऊन गेलात. सूचना वाचलीत, निदान पहिल्या दोन ओळी. मग केस सारखे केलेत, फोटोत चकती नीट यावी म्हणून तो कागद एका हाताने बाजूला धरलात आणि हसलात. तेव्हा राग लेखी पाठवण्याची तसदी घेऊ नये. हरकतींची मुदत संपली आहे.