थेल्माबाईंच्या घराची निंदा आणि स्तुती

घर विकत घेणं आणि घराचा मालक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्या समाजाला कळला तोच सुसंस्कृत म्हणावा. इंग्लंड या बाबतीत बरंच पुढे गेलेलं आहे. तिथे फ्लॅट घेणारा पूर्ण किंमत मोजतो, गळका नळ स्वखर्चाने बदलतो, आणि भाडेपट्ट्याची वर्षं संपली की फ्लॅट जमीनमालकाकडे परत जातो. (नळासकट.)

लंडनच्या पेंज भागातल्या थेल्मा गारबटबाईंच्या फ्लॅटच्या पट्ट्याची चौऱ्याहत्तर वर्षं उरली होती. बाईंचं वयही तेवढंच, त्यामुळे घाई कसली, असं कोणालाही वाटेल. पण एवढ्या तुटपुंज्या मुदतीवर बँका कर्ज देत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक येत नव्हतं, आणि फ्लॅट विकल्याशिवाय बाईंना व्हिटबीला, लेकीच्या शेजारी राहायला जाता येत नव्हतं. समुद्राकाठचं एक छोटं घर लेकीने, ग्वेनने, बोलून ठेवलं होतं. तेव्हा आधी पट्टा वाढवून घेणं आलं.

पट्टा वाढवण्याची पद्धत अत्यंत न्याय्य आहे. वाढीसाठी भाडेकरूने, म्हणजे फ्लॅट विकत घेतलेल्याने, मालकाला एक रक्कम द्यायची. ती काढायला भाडेकरू आपला व्हॅल्युअर, म्हणजे मूल्यमापक, नेमतो, मालक आपला नेमतो, आणि फी दोघांचीही भाडेकरूच भरतो. डावं-उजवं केलं असं म्हणायला जागाच नाही. मग दोन्ही व्हॅल्युअर, कायद्याच्याच आज्ञेवरून, पट्टा वाढवण्याचा हक्क देणारा हा कायदाच अस्तित्वात नाही अशा एका जगाची कल्पना करतात आणि त्या जगातले बाजारभाव काढतात. (त्या जगात कोणीच जाऊन आलेलं नसल्यामुळे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत देता येतात.) त्यासाठी आलेखही आहेत. भाडेकरूच्या माणसाला नेहमी वरची, कमी रक्कम निघणारी रेषा पटते, मालकाच्या माणसाला खालची, जास्त रकमेची. चुकून एकमेकांची रेषा पटल्याचं एकही उदाहरण शास्त्राला ज्ञात नाही. शिवाय पट्टा ऐंशी वर्षांच्या खाली गेला की मालकाच्या आणि भाडेकरूच्या हक्कांचं लग्न लागलं असं मानतात, आणि त्या विवाहातून झालेल्या फायद्याचा निम्मा वाटा मालकाला मिळतो. (वरपक्ष कोणता, हे मराठी वाचकाला सांगायला नको.)

बाईंच्या बाजूने पाइक नावाचे गृहस्थ आले. फ्लॅट जितका वाईट ठरेल तितकी रक्कम कमी, हे त्यांचं सूत्र. त्यांनी बूट न पुसता सगळं घर पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

"नशीबवान आहात, बाई. जिना अरुंद, न्हाणीघर कोंदट, बसचा थांबा दारात. अगदी भिकार जागा आहे."

बाईंनी आभार मानले. मालकाच्या माणसासमोर घराबद्दल एकही बरा शब्द काढायचा नाही, असं पाइकांनी बजावलं. ते बाईंना पटलं. अवघड काहीच नव्हतं. गेल्या एकेचाळीस वर्षांत त्या घराबद्दल कोणी बरा शब्द काढलेलाच नव्हता. दिवंगत रोनाल्ड गारबट घर घेताना एकदा "चालेल" म्हणाले होते, तेवढंच.

मालकाकडून अँब्लर नावाचे व्हॅल्युअर आले. त्यांनी बूट पुसले. स्वयंपाकघरात बराच वेळ उभे राहून ते हळूच म्हणाले, "इथे सकाळचं ऊन येत असणार."

पाइकांची सूचना स्पष्ट होती. पण घराचं कौतुक झाल्यावर गप्प बसणं हा त्या देशात चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे.

"ऑक्टोबरात थेट टेबलापर्यंत येतं," बाई म्हणाल्या. "या ना, इथे बसून बघा."

अँब्लर बसले. चहा झाला, केक कापला गेला. मग बाईंनी त्यांना उन्हाळ्यातही दूध नासत नाही ती कोठी दाखवली, खिडकीसमोरच्या झाडावरचं घरटं दाखवलं. शेजारचा माणूस ट्रॉम्बोन वाजवतो तरी भिंतीतून काही ऐकू येत नाही, हे त्यांनी अँब्लरना भिंतीला कान लावायला सांगून सिद्ध केलं. मागच्या खोलीत अँब्लर म्हणाले, अशा खोल्या हल्ली बांधत नाहीत. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा कापला. अँब्लर सगळं टिपून घेत होते.

संध्याकाळी ग्वेनचा फोन आला.

"आई, तू त्याला केक दिलास?"

"पाहुणा होता गं."

"पाहुणा कसला! त्याची फी तू भरणार आहेस."

"म्हणूनच तर. आपण पैसे मोजलेत, आणि माणूस चार शब्द चांगले बोलतोय, तर ऐकून नको घ्यायला?"

पुढच्या वाटाघाटी अल्पकाळ चालल्या. पाइकांनी न्हाणीघराचा कोंदटपणा जोरात मांडला. पण उन्हापासून शांततेपर्यंत सगळे गुण खुद्द राहणाऱ्या व्यक्तीने सांगितलेले असल्याने त्यांचं काही चाललं नाही. ठरलेली रक्कम बाईंच्या बचतीपलीकडे गेली. त्यांनी अर्ज मागे घेतला. पुन्हा अर्ज करायला आता वर्षभर थांबावं लागतं. तेवढ्या काळात पट्टा एका वर्षाने घटतो आणि रक्कम वाढते, म्हणजे वेळ अगदीच वाया जातो असं नाही. व्हिटबीचं घर एका दंतवैद्याने घेतलं.

आता काय करणार, असं ग्वेनने रडवेल्या आवाजात विचारलं.

"करायचंय काय?" बाई म्हणाल्या. "इतकी चांगली जागा आहे ही, मला सोडायला परवडत नाही."

थेल्माबाई भोळ्या, हे उघड आहे. वाचक तसा नाही. मागे एकदा कोणीतरी दारात येऊन "हवा छान खेळते हो तुमच्याकडे" म्हणालं, तेव्हा आपण त्याला फक्त दोन्ही बाल्कन्या, देवघर, नवी ट्रॉली आणि गादी उचलून पलंगाखालची जागा दाखवली. पोहे खाऊन, पत्ता नीट लिहून घेऊन तो गेला. भला माणूस होता. कोणाकडून आला होता, तेवढं विचारायचं राहिलं.