पटलेभाऊंचे चाळीस बांबू

आमच्या शेजारचे पटलेभाऊ खिशात काडेपेटी बाळगतात, पण विडी ओढत नाहीत. काडेपेटीत नाकतोडा असतो. पूर्वी कोणी खाटेचं, दाराचं, नातवाच्या पाळण्याचं माप विचारलं की ते पेटी उघडायचे. "याले विचारून पाहू." काम झालं की त्याला धानाच्या बांधावर सोडायचे. दुसऱ्या दिवशी दुसरा.

सिद्धांत एकच. "गुरुजी, याचे पुढचे पाय लहान, मागचे मोठे. सारखे असते तं तोंडावर पडला असता."

त्यांची मुलगी नागपुरात आर्किटेक्ट. तिच्या जुन्या लॅपटॉपवर भाऊ साठीनंतर एक सॉफ्टवेअर शिकले. त्याचं इंग्रजी नावही नाकतोडाच, म्हणून त्यांचा विश्वास बसला. पडद्यावर डबेच डबे, एकातून दुसऱ्यात तारा. एका डब्यातला आकडा सरकवला की अख्खं छप्पर वाकतं.

त्यावर त्यांनी देवरी रस्त्यावरच्या आमच्या बसथांब्यासाठी बांबूचा मांडव काढला. चाळीस बांबू, चाळीस मापं. ती माझ्या हाती देऊन ते मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेले. मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस. दोन-दोन बोटांचे फरक मला येडेपणा वाटले. मी सगळे बांबू सारखे कापले आणि गावाने मांडव उभा केला.

आठ दिवसांत तो वाऱ्याने एका कुशीवर झोपला. खाली एक बकरी होती, ती उठून निघून गेली. लोकांनी मला विचारलं. मी म्हणालो, भाऊंचा हिशेब चुकला असेल.

तेव्हापासून त्यांना कोणी खाटेचंही माप विचारत नाही. 'नाकतोडा इंजिनेर' म्हणतात. भाऊ हसतात आणि चार वाजता मला चहाला हाक मारतात. सहा वर्षं मी तो चहा पीत आलो.

परवा कप खाली ठेवला. सांगून टाकलं.

भाऊंनी लॅपटॉप उघडला. एका जुन्या फाईलमध्ये चाळीसही बांबूंना एकच माप दिलेलं होतं. पडद्यावर मांडव त्याच कुशीवर झुकला होता.

"नागपूरहून आलो तवाच पडलेले बांबू मोजले," ते म्हणाले.

"मंग बोलले काऊन नाही?"

त्यांनी काडेपेटी चाचपली, उघडली नाही. "बोललो असतो तं तुमी चहाले आले नसते. बायको गेल्यावर या घरी येते कोण?"

म्हणून लिहून ठेवतो. हिशेब बरोबर होता. बांबू मी कापले. हा कागद उद्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणार आहे.

त्यांना आधी वाचून दाखवला. भाऊंनी ऐकून घेतलं, कप उचलले आणि विचारलं, "लावून झाला की इकडंच चहाले येसान ना?"