भाऊसाहेबांच्या मनाचा पंचनामा

"आज मन कसं आहे?" असं मोबाईलनं विचारलं, तर तुम्ही-आम्ही बोट दाबून मोकळे होऊ. आमच्या राजूरचे निवृत्त तलाठी भाऊसाहेब आधी दोन पंच बोलावतात.

एक पंच मी, दुसऱ्या शेजारच्या मार्थामावशी. रोज सकाळी आठला ओट्यावर हजर. भाऊसाहेब चष्मा लावतात, पडद्यावरच्या पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवतात आणि वहीत लिहितात, 'पंचांसमक्ष, चेहरा क्रमांक चार, हसरा.' खाली आमच्या सह्या.

"आवो, मन तुमचं, सही माझी कशाला?"

"बिनपंचाची नोंद टिकत नाही, मार्थाबाई."

"मनावर कोन खटला भरनार हाय?"

मार्गशीर्षात भाऊसाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या. भाऊसाहेबांचं जेवण सुटलं, बोलणं आटलं. तेव्हा अकोले गावच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि मोबाईलवर आठ आठवड्यांचा हा कार्यक्रम लावून दिला. भाऊसाहेबांनी तो शासकीय आदेश मानला. 'दहा मिनिटं चाला' म्हटलं, की चालून येऊन चतुःसीमा लिहायची: पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस ओढा. 'आजच्या तीन चांगल्या गोष्टी लिहा' म्हटलं, की: एक, नळाला पाणी आले. दोन, वीज होती. तीन, निरंक.

कार्यक्रम वाईट नाही. माझा राग आहे तो एकट्या माणसाच्या हातात मोबाईल देऊन आपली जबाबदारी संपली असं मानणाऱ्या आपल्या सगळ्यांवर. यंत्र बिचारं दाबाल ते खरं मानतं. तीन आठवडे हसरा चेहरा बघून ते भाऊसाहेबांवर फुलं उधळत होतं. हीच नोंद बघून डॉक्टरीणबाई मंगळवारी गोळ्या कमी करणार होत्या.

त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, ओट्यावर मावशींनी दिलेले दोन दिवसांचे डबे न उघडता पडलेले दिसले. भाऊसाहेबांचं बोट चारवर गेलं. मी पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही. हा खोटा पंचनामा आहे."

"म्या बी न्हाई," मावशी म्हणाल्या. "घास न्हाई पोटात, आन म्हनं हसरा!"

भाऊसाहेब लालबुंद झाले. "छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक खोटी ओळ लिहिली नाही मी!"

"मग आताच का?" मी विचारलं.

ते हळूच म्हणाले, "लेकीनं तिच्या मोबाईलला जोडून घेतलंय हे. नाशकात तिला दिसतं सगळं. आई गेल्यापासून पोर नीट झोपलेली नाही. आता माझं कशाला तिच्या डोक्यावर?"

मी वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांचं बोट पडद्यावर तरंगलं आणि पहिल्या, रडवेल्या चेहऱ्यावर टेकलं.

पाच मिनिटांत फोन वाजला. लेकीचाच. भाऊसाहेबांनी घाबरून आमच्याकडे पाहिलं. "काय सांगू?"

"हाय ते सांगा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी फोन कानाला लावला. "मला करमत नाही गं, बाळा."

पलीकडून रडणं ऐकू आलं. मग बोलणं. भाऊसाहेब नुसतं "हं, हं" करत राहिले आणि आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.