सतराव्या दिवसाची गावभेट

एका जंगलात एकच रस्ता होता आणि तो गोल होता. त्यामुळे मुलांनो, त्या रस्त्याने कोणी कुठे पोचत नसे. ज्याला जायचे असे तो झाडीतून जाई.

त्या जंगलात भालचंद्रपंत नावाचे एक साळिंदर होते. ते 'पानगळ' नावाचे वर्तमानपत्र काढीत. लेखण्या पाठीवरच असल्याने त्यांना दुसरा धंदा सुचला नव्हता. वर्तमानपत्र पळसाच्या वाळक्या पिवळ्या पानांवर छापले जाई. आधी हिरव्या पानांवर छापत, पण वाचक बातमीसकट पान खाऊन टाकीत.

वर्तमानपत्र खपत नव्हते, कारण जंगलात काही घडत नव्हते. तेव्हा पंतांनी त्या गोल रस्त्यावर सायकलींची शर्यत ठेवली. रोज एक टप्पा, असे एकवीस दिवस. एका माहितगार सशाने विचारले, "पंत, बिबट्या पायी धावला तर सहा दिवसांत फेरी पुरी करील. मग सायकल कशाला?"

पंत म्हणाले, "सहा दिवसांत सहाच अंक निघतात."

शर्यत सुरू झाली. जो सगळ्यांत पुढे असेल त्याला 'पानगळ'च्या रंगाचा पिवळा सदरा मिळे. पहिल्या वर्षी तो माकडाने मिळवला. मागाहून कळले की माकडाने तीन टप्पे झाडांवरून, सायकल खांद्यावर घेऊन पार केले होते. दुसऱ्या वर्षापासून नियमांच्या पुस्तकात 'सायकल जमिनीवर असावी' असे वाक्य आले. घोळक्याच्या मागून एक झाडूगाडी येऊ लागली. ती एक रेडा ओढी. जो दमून मागे पडे त्याला ती उचलून घेई. अशी अठरा वर्षे गेली.

पुस्तकात नसलेलेही काही नियम होते. ते जास्त पाळले जात. त्यांतला मोठा नियम गावभेटीचा. शर्यत ज्याच्या गावावरून जाई, त्याला त्या दिवशी मान असे. बाकी सगळे गावाबाहेर थांबत. तो एकटा पुढे जाई, आईबापांच्या पाया पडे, घोटभर काहीतरी घेई आणि वेशीवर परत येऊन हात हलवी. मग सगळे निघत. हात हालेपर्यंत कोणी वेस ओलांडायची नाही. सहाव्या वर्षी एका रानडुकराने ओलांडली. त्यानंतर रस्त्यातला पुढचा खड्डा त्याला कोणी सांगेना. आठ दिवसांत तो शर्यत सोडून गेला.

आता हैबतीविषयी.

हैबती हे एक भेकर होते. भेकर म्हणजे लहानसे, भित्रे हरीण. तो रणधीर बिबट्याच्या पथकात बारा वर्षे होता. त्याचे काम पाण्याचे. पाठीवर चौदा तुंबे बांधायचे, मागे जाऊन ओढ्यावर भरायचे, पुन्हा घोळका गाठायचा आणि रणधीरला पाणी द्यायचे. रणधीर चार वेळा पिवळा सदरा घालून घरी गेला. हैबतीचा सगळ्यांत वरचा क्रमांक एकसष्टावा.

'पानगळ'मध्ये पहिल्या दहांचीच नावे येत.

हैबतीचे वडील, खंडोजीआबा, करवंदीच्या माळावर राहत. त्यांना आता नीट दिसत नसे. सगुणा घोरपड त्यांना रोज अंक वाचून दाखवी. बारा वर्षांत मुलाचे नाव एकदाही आले नाही.

"सगुणे, नीट बघ. खाली बारीक अक्षरात असंल."

"खाली आवळ्याच्या तेलाची जाहिरात हाय, आबा."

आबांची हळूहळू खात्री पटली की पोरगा शर्यतीत नाहीच. कुठल्यातरी खानावळीत पाणी भरत असणार आणि लाजेने सांगत नसणार. हैबतीने दोनदा निरोप पाठवला, की आबा, मी शर्यतीतच आहे, पण पाणी भरतो. त्यावर आबा एवढेच म्हणाले, "तेच म्हनतोय मी."

एकोणिसाव्या वर्षी रस्त्याचा एक भाग खचला. शर्यत वळवावी लागली. सतरावा टप्पा पहिल्यांदाच करवंदीच्या माळावरून जाणार होता आणि तिथून धापेचा घाट चढून संपणार होता.

हैबतीने त्या दिवशी सायकल दोनदा पुसली. आबांनी आपल्याला सायकलवर, पाठीवर क्रमांक लावलेले एकदा बघावे, निदान हाताने चाचपावे, एवढेच त्याला हवे होते.

गाव जवळ आले तसा घोळका सावकाश झाला आणि जांभळीच्या राईत थांबला.

"जा बाबा," रणधीर म्हणाला. "पण लवकर ये. तुंबे तुझ्याकडे आहेत."

"सोडून ठेवू का हितं?"

"बांधलेत ते राहू देत. पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

हैबती एकटाच पुढे गेला. सगळा माळ रस्त्यावर आला होता. सगुणा वडाच्या मुळीवर उभी राहून वाकून बघत होती. ती आबांना म्हणाली, "आबा, हैबतीच हाय. सायकलीवर हाय. आन् एकटाच हाय. म्होरं कोन न्हाई, मागं कोन न्हाई."

आबांनी जरा विचार केला. "म्हंजी पयला?"

"दुसरं काय."

गावभेटीचा नियम माळावर कोणाला ठाऊक नव्हता, कारण माळावरून शर्यत कधी गेलीच नव्हती. हैबती उतरू लागला. आबांनी त्याच्या सायकलीची मागची बाजू घट्ट धरली.

"उतरतोस कशाला?"

"आबा, पाया पडतो."

"पयला असताना कोन उतरतं का? मागनं बिबट्या येत असंल."

"तो राईत थांबलाय, आबा. माझ्यासाठी थांबलाय."

हे ऐकून गाव हसले. एका म्हाताऱ्या भेकराने विचारले, "बिबट्या? भेकरासाठी?"

"ऊन लागलंय त्याला," सगुणा म्हणाली.

"आबा, खरंच सांगतो. रीत हाय तशी."

"बारा वर्सं तू खरंच सांगतोयस," आबा म्हणाले. "आता चालव. मागं फिरलास तर मला तोंड दाखवू नगंस."

आणि त्यांनी ढकलले. मग सगळ्या गावाने ढकलले. हैबतीची सायकल माळाच्या उतारावरून घाटाच्या पायथ्याला आली. मागे बघितले तर गाव धावत येत होते. धापेचा घाट माळावरून पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतो. कुठेही वळले तरी गावाच्या डोळ्यांसमोर वळावे लागणार होते.

हैबती घाट चढू लागला. पाठीवर चौदा तुंबे भरलेले होते, पण ओझ्याची त्याला सवय होती. पुढे कोणी नसण्याची नव्हती.

इकडे राईत त्र्याऐंशी सायकलस्वार उभे होते. अर्धा तास झाला.

"भेकरांच्यात पाहुणचार मोठा दिसतोय," कोल्हा म्हणाला.

"जेवायला बसवलं असेल," तरस म्हणाला. "आमच्याकडे मला नुसतं हुंगून सोडलं होतं."

"पाणी आहे का कोणाकडे?" रणधीरने विचारले.

कोणाकडे नव्हते. असते तरी दुसऱ्या पथकाचे पाणी घ्यायची पद्धत नव्हती. दीड तास झाला. मागून झाडूगाडी आली. पुस्तकाप्रमाणे तिने सगळ्यांना उचलायला हवे होते, पण गावभेट चालू होती, म्हणून तीही थांबली. रेडा जू उतरवून बसला. झाडूगाडी बसलेली तोवर कोणी पाहिली नव्हती.

तीन तासांनी रेडा उठला. तो शर्यतीत नसल्याने त्याला वेस ओलांडता येत होती. तो माळावर गेला आणि परत आला.

"तो कवाच गेला," रेडा म्हणाला.

"कुठे?"

रेड्याने घाटाकडे मान केली.

हैबतीला तेव्हा शेवटच्या रेषेपाशी पोचून बराच वेळ झाला होता. भालचंद्रपंत तिथे मचाणावर बसले होते. तेच संपादक आणि तेच मुख्य पंच होते. त्यांनी हैबतीच्या मागे बराच वेळ पाहिले.

"रणधीरराव कुठे आहेत?"

"मागं हायत."

"किती मागे?"

"आमच्या वेशीभाईर."

पंतांच्या पाठीवरच्या लेखण्या किंचित ताठ झाल्या. अडचण अशी होती की उद्याचा अंक छापून झाला होता. पळसाच्या पानावरची शाई वाळायला एक दिवस लागतो, म्हणून टप्प्याची बातमी टप्प्याआधीच लिहावी लागे. 'धापेच्या घाटावर रणधीरची झेप' अशी ओळ पानोपानी वाळत पडली होती. एकोणीस वर्षांत घोटाळा झाला नव्हता, कारण एकोणीस वर्षांत छापलेल्या नावाखेरीज दुसरे कोणी पुढे गेले नव्हते.

पंतांनी नियमांचे पुस्तक काढले. ते शांतपणे वाचले. मग मिटून बाजूला ठेवले.

"हैबती, गावभेट कधी संपते?"

"वेशीवर येऊन हात हलवला की."

"तुम्ही हलवला का?"

"न्हाई. ढकललं मला."

"म्हणजे गावभेट संपली नाही. म्हणजे तुम्ही अजून गावात आहात."

हैबतीने आपल्या सायकलीकडे पाहिले, मग रेषेकडे. "मग मी हितं कसा?"

"ते तुमचे तुम्ही समजून घ्या. छापलेले पान पुसता येत नाही. टप्पा पुसता येतो."

निकाल असा लागला, की हैबती तीन तास घरी बसून राहिला, त्यामुळे सगळी शर्यत खोळंबली, सबब त्याचा क्रमांक चौऱ्याऐंशीवा. पुढच्या वर्षापासून त्याने चौदाऐवजी सोळा तुंबे वाहावेत. तशी सूचना शेवटच्या पानावर, उरलेल्या जागेत छापली जाईल.

हैबतीने तुंब्यांच्या गाठी आवळल्या. मग त्याने विचारले, "सूचनेत नाव येतं?"

"येतं."

"पुरं?"

"दंडाच्या सूचनेत पूर्णच लागतं. वडिलांच्या नावासकट, गावासकट."

"मग लिवा," हैबती म्हणाला, आणि तुंबे घेऊन रणधीरला पाणी द्यायला घाट उतरू लागला.

दोन दिवसांनी अंक माळावर पोचला. सगुणाने पहिले पान वाचले. रणधीरच्या झेपेचे वर्णन मोठे होते. मग तिने शेवटचे पान उलटले आणि थांबली.

"वाच की," आबा म्हणाले.

"करवंदीच्या माळावरील भेकर हैबती खंडोजी, सायकलस्वार, यांनी सतराव्या दिवशी आपल्या घरी तीन तास मुक्काम केला, सबब दंड."

सगळ्या गावाने त्याला घाट चढताना पाहिले होते. माथ्यावर पोचला तेव्हा पोरे ओरडली होती.

"पुन्ना वाच," आबा म्हणाले.

तिने पुन्हा वाचले.

"सायकलस्वार लिवलंय?"

"व्हय."

"आन् तीन तास?"

"छापलंय तसं."

आबांनी पान हातात घेतले आणि अक्षरांवरून बोट फिरवले. "म्हंजी बसला असंल," ते म्हणाले.

"आंबील दिली असंल आपन," म्हातारे भेकर म्हणाले.

"दोन वाट्या पिला," सगुणा म्हणाली. "तुमी आणखी घे म्हनत होता, तो नगं म्हनत होता."

दिवस मावळेपर्यंत हैबती काय काय बोलला ते गावाला आठवले. तो वाळला होता, पण आवाज तोच होता. आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि क्रमांकाचे फडके चाचपून पाहिले होते. ते जाड कापडाचे होते, असे आबांनी तीन जणांना सांगितले.

एका पोराने विचारले, "मग घाटावर एकटा चढत व्हता त्यो कोन?"

"असंल कोन तरी," आबा म्हणाले. "आमचा हैबती माझ्यापाशी बसला व्हता."

तात्पर्य : मुलांनो, न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा कधी नाकारू नये. केलेल्या कामाची नोंद कोणी ठेवीत नाही; शिक्षेच्या कागदावर मात्र आपले नाव, बापाचे नाव आणि गाव अगदी बिनचूक लिहिलेले असते.