डोलकाठीखालचा राजा

डबीत तीन नाणी असायला हवी होती. होती दोनच.

रावजीने डबी उलटी केली, झटकली, कापसाचा बोळा पिंजून पाहिला. नाणं म्हणजे काही डास नव्हे, की असलं तरी दिसू नये.

"कोकिळे, ह्यातलं तिसरं कुठंय?"

"ते वाकडं?" बायको भांडी घासता घासता म्हणाली. "ते मी सकाळी नीराबाईला दिलं."

"दिलं?"

"मग काय झालं? त्यांची नवी होडी आज पाण्यात जायची. डोलकाठी उभी करताना खाली चांदीचं नाणं ठेवतात त्यांच्यात. हल्लीच्या रुपयात चांदी असते का कुठं? बिचारी दारोदार फिरत होती. म्हटलं, आमच्या ह्यांची डबीच आहे. आणि चांगली दोन ठेवली हो तुम्हाला! चेपलेलं, एका अंगाला गेलेलं, तेवढंच दिलं. तिनं लगेच पापलेट काढून दिलं. खाल्लंत की आत्ता, काटा चोखून!"

रावजी खाली बसला. रेवसच्या टपाल कचेरीत दिवसभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारणाऱ्या ह्या माणसाचा जीव रोमच्या रुपेरी नाण्यांत अडकला होता. किहीमच्या एका वाडीत विहीर खणताना निघालेली दोन पुसट नाणी त्याने लेकरांसारखी सांभाळली होती. कोण कुठला खलाशी, कोणत्या वाऱ्याने इथे आला, कुणासाठी हे रुपं कमरेला बांधून आला, असा विचार करत तो तासन् तास त्यांच्याकडे बघत बसे. पण तिसरं नाणं त्याचं नव्हतं. ते मुंबईच्या शिवदासशेटचं. शेट कापडाचे व्यापारी, पण नाण्यांत मुरलेले. "तुमच्या पुसट राजाशेजारी माझा ठेवून बघा, नाक जुळतं का ते," म्हणून त्यांनी आपल्या वडिलांच्या हातचं नाणं विश्वासाने त्याच्याकडे ठेवलं होतं. आणि आज दुपारच्या लाँचने ते न्यायला शेट स्वतः येत होते.

रावजी चपला न घालताच खाडीकडे पळाला.

वाळूवर होडी नव्या नवरीसारखी बसली होती. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ. डोलकाठी केव्हाच उभी राहिली होती, आणि तिच्याभोवती बायका गात होत्या:

"उभी केली डोलकाठी, तिच्या पायी रुपं ठेवू,
दर्या आमचा सोयरा, त्याला घरची लेक देवू."

"या मास्तर, परसादाला आयलाव?" होडीचा धनी कान्हा नाखवा हसत पुढे आला.

"कान्हा, ते नाणं... जरा काढता येईल का? दुसरं देतो."

गाणं थांबलं. त्याच्या बायकोने, नीराबाईने, डोक्यावरचा पदर सावरला. कान्हा अजून हसतच होता, पण आता तोंडानेच.

"मास्तर, लगीन लागल्यावर नवरा बदलतान काय? भरती आली म्हंजे होरी पान्यात. नानं बसलं ते बसलं."

"अरे, ते दुसऱ्याचं आहे!"

"आमाला तुमच्या घरातनं मिलालं. पापलेट तुमी खाल्लंव. वापस देताव?"

तेवढ्यात लांबवर, पार क्षितिजाशी, लाँचचा धूर दिसला. त्या धुराकडे बघता बघता रावजीच्या तोंडून जन्मात बोलला नव्हता असं वाक्य निघालं.

"त्या नाण्यावरचा राजा बुडून मेला."

कान्हाची म्हातारी आई मनुबाई काठी टेकत जवळ आली.

"बुडाला? कंच्या दर्यात?"

"त्यांच्याकडच्या."

"वादलात?"

"हो. मोठं वादळ होतं."

"आन् पवता येत नव्हतं त्याला?"

"राजा होता, आजी. त्याला कोण शिकवणार?"

हे म्हातारीला पटलं. ती लेकाकडे वळली. "कान्हा, माजी चार नातवंडं ह्या होरीच्या जिवावर वाडनार हायेत. बुडका राजा नको मना. काड त्याला."

बाबाजी सुताराने हातोडा वाळूत आपटला. "सकालपासून पाचरी ठोकून खांदा गेला माजा! आन् ह्याच्या जागी काय ठेवशील? रुपं हाय कुनाकडं?"

मनुबाईने कमरेची गाठ सोडली. आतून एक राणीछाप रुपया निघाला, घासून घासून आरशासारखा झालेला. तो तिने आपल्या शेवटच्या दिवसासाठी राखला होता, हे कोळीवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. रावजीची मान खाली गेली.

"मास्तर, ही रानी कशी मेली?"

"अंथरुणात, आजी. म्हातारी होऊन."

"मंग बरी हाय."

पाचरी निघाल्या. दहा जणांनी दोर ओढले, डोलकाठी वीतभर उचलली गेली, आणि बाबाजीने शिव्या देत खोबणीतून रोमचा राजा बाहेर काढला. तिथे राणी बसली. रावजी नाणं मुठीत घेऊन धक्क्याकडे धावला तेव्हा लाँच लागतच होती.

शिवदासशेट पांढऱ्या टोपीत, काखेत छत्री घेऊन उतरले. रावजीने धोतराच्या सोग्याने नाणं पुसलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

शेटनी ते डोळ्यांशी नेलं. "आ शूं? राजाच्या कानात हळद?"

मग रावजीला सगळं सांगावं लागलं. बायको, पापलेट, डोलकाठी. फक्त बुडण्याचं तेवढं त्याने गाळलं. शेट ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता धक्क्यावरच्या माशांच्या टोपलीवर, धुतलेल्या धोतरासकट बसले.

"आणि तुम्ही ते काढलंत?"

"हो शेट! तुमच्यासाठी..."

"अरे भला माणस, काढलंत कशाला?" शेट ताडकन उठले. "परवाच वाचलं मी. लंडनला नदीच्या गाळात रोमन होडी सापडली. डोलकाठीच्या खोबणीत काय होतं? नाणं! ते लोकही असंच ठेवायचे, रावजीभाई. दोन हजार वर्षांनी माझा हा टायबेरिअस राजा आपल्या जागी जाऊन निजला, आणि तुम्ही त्याला झोपेतून उठवलंत? चला. परत ठेवायचा. माझ्या वडिलांचा जीव थंड होईल."

"शेट, नको. त्यांची श्रद्धा असते... भरतीही आली..."

पण शेट छत्री उगारून निघाले होते. रावजी त्यांच्या पुढे, मागे, आडवा पळत होता. एकदा तर तो मुद्दाम पडलाही. शेटनी त्याला हात देऊन उठवलं आणि चाल सोडली नाही.

होडीपाशी शेटनी नाणं वर धरून सारी हकीकत सांगितली. माणसं हरखून ऐकत होती. शेवटी मनुबाई म्हणाली, "शेट, तुमचं मन मोटं हाय. पन बुडालेला राजा आमी कसा घ्यावा?"

"कोण बुडाला?"

"ह्यो."

"हा? कोन बोल्या? हा तर ऐंशीला टेकला आणि पलंगावर मेला!"

सगळ्या कोळीवाड्याने एकदम मान वळवली. रावजी लाटा मोजू लागला.

मनुबाईने हातोडा उचलला आणि रावजीच्या हातात दिला. "काडा पाचरी."

टपालाच्या शिक्क्याहून जड काही न उचललेल्या हातांनी रावजीने पाचरी काढल्या, आणि पुन्हा ठोकल्याही. दोन घाव बाबाजीच्या अंगठ्यावर बसले. राजा खाली गेला, राणी वर आली, म्हातारीच्या कमरेला पुन्हा गाठ बसली. रावजी घाम पुसत घराकडे वळला.

"कुटं चाललाव?" मनुबाईने काठी आडवी धरली. "नव्या होरीसमोर बुडन्याचं बोललाव तुमी. आता पयल्या फेरीला तुमी होरीत. जो वंगाल बोलला त्यालाच संगती नेला, का दर्या ते मनावर घेत न्हाय."

"आजी, मला पोहता येत नाही!"

"राजाला तरी कुटं येत व्हतं?" कान्हा म्हणाला, आणि त्याने व बाबाजीने रावजीला बखोटीला धरून होडीत बसवलं.

पाणी होडीखाली शिरलं. ती हलली, डुलली, आणि बायकांच्या गाण्यावर हलकेच निघाली. रावजीने दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारली, डोळे गच्च मिटले. किनाऱ्यावरून शिवदासशेट छत्री हलवत, गळा ताणून ओरडत होते:

"रावजीभाई! तुम्ही आहात म्हणून काळजी नाही! राजाला सांभाळा!"