रविवारचं पाणी

रविवारी चर्चला न जाण्यात पुंजारामचा फायदा दोन तासांचा होता. झोपेचा नव्हे, पाण्याचा.

केदारखेड्याच्या शिवारात त्याची आणि धाकट्या भावाची, वसंताची, विहीर सामाईक, मोटारही एकच. वसंता अंकुशनगरच्या साखर कारखान्यात कामाला, म्हणून इकडची मिरची त्याची बायको वंदना बघायची. रविवारी आठला लाईट आली की बारापर्यंत पाळी वंदनाची, पुढे चारपर्यंत पुंजारामची. वंदना मोटार चालू करायची आणि नऊच्या आधी पुंजारामच्या बायकोला, सगुणाबाईला, घेऊन चर्चला जायची. दोघी वळणाआड झाल्या की पुंजाराम विहिरीवरचा व्हॉल, म्हणजे पाणी वळवायची चावी, आपल्या बाजूला फिरवायचा. अकराला, त्या परतायच्या आत, पुन्हा होता तसा करून ठेवायचा. सहा रविवारांत त्याची मिरची कमरेला लागली आणि वंदनाची गुडघ्याशीच थांबली.

एवढ्या फायद्यासाठी कारणंही तशीच भक्कम लागत. चर्चचे तरुण पाळक प्रितम दर सोमवारी मोटारसायकलवर विचारपूस करायला यायचे.

"लाईटच रविवारची हाय, पाळकसाहेब. म्या काय करू?"

"मग बुधवारी संध्याकाळी तुमच्या घरी प्रार्थना ठेवू."

"घरात गिलावा करून राह्यलो. बसायला जागा न्हाई."

"अंगणात बसू."

"अंगणात म्हैस असती. लई मारकी हाय."

सगुणाबाई आतून म्हणाली, "म्हैस गेल्या साली इकली की तुम्ही."

"इकली, पण खुटा तिथंच हाय," पुंजाराम म्हणाला. "अंधारात लोकं अडखळतीन."

पाळकांनी चहा संपवला. "भाऊ, येशूला तुम्ही मानता ना?"

"मानतो की, बिलकुल मानतो. पण त्याची जागा चर्चमधी. शेतात चिखल, काटेकुटे. त्याला कशाला तकलीफ?"

"त्याच्याबरोबर हिंडणारे निम्मे तर कोळी होते, भाऊ. चिखलाचं त्याला काय नवल?"

पुढच्या रविवारी वंदना चर्चमध्ये उभी राहिली. "माझ्या मिरचीसाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "पाणी बराबर देऊन राह्यले, तरी वाढंना." पाळकांनी विचार केला. मिरची चर्चला येऊ शकत नाही आणि हिचा थोरला दीरही येऊ शकत नाही. दोघांचा बांध एकच. त्यांनी सतरंजी गुंडाळायला लावली आणि मंडळी ढोलकीसकट टेम्पोत बसली.

दहाला टेम्पो बांधाला लागला तेव्हा पुंजाराम आपल्या मिरचीत समाधानानं उभा होता. व्हॉलकडे पळावं, तर मध्ये तीस माणसं.

"मोटार चालू हाय," वंदना वाकून म्हणाली, "अन् माझ्या ठिबकच्या नळ्या कोरड्या ठक."

"कचरा अडकला असंल," पुंजाराम म्हणाला.

"आधी प्रार्थना करू," पाळक म्हणाले. "सगळ्यांनी डोळे मिटा."

पाळकांचं कुठलंही वाक्य पुंजारामला इतकं गोड लागलं नव्हतं. पाळक म्हणत होते, "हे प्रभू, जे अडलंय ते मोकळं कर," आणि पुंजाराम सरीतून रांगत विहिरीकडे निघाला होता. ही प्रार्थना लवकर संपू नये, अशी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली. व्हॉल फिरला. तो परत येऊन हात जोडतो, तोच नळ्या फुसफुसल्या, हवा निघाली, आणि 'आमेन'बरोबर वंदनाच्या मिरचीच्या बुडाशी थेंब पडू लागले.

ढोलकी आपोआपच सुरू झाली. एक म्हातारी नळीला हात लावून रडायला लागली.

"पुंजारामभाऊ, विहीर तुमची," पाळक म्हणाले. "इथं काय घडलं, ते तुम्हीच चार शब्दांत सांगा."

तेवढ्यात वंदना पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आली. तिची नजर त्याच्या गुडघ्यांवरून तळव्यांवर गेली.

"भाऊजी, आधी हात धुवून घ्या," ती हळूच म्हणाली. "चमत्काराला लई चिखल लागलाय. अजून कुणी पाह्यलं न्हाई."

तिनं आरडाओरडा केला असता, तर पुंजारामकडे तीन कारणं तयार होती. तांब्यापुढे त्यातलं एकही चालणार नव्हतं. त्यानं हात धुतले नाहीत, तसेच वर केले.

"व्हॉल म्या फिरवला. आता इकडं फिरवला, अन् सहा रविवार तिकडं."

ढोलकी थांबली. सगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. रागानं की हसू दाबायला, ते कळलं नाही.

"अडलेलं मोकळं कर, एवढंच मागितलं होतं," पाळक म्हणाले. "कुठं अडलंय, ते मला माहीत नव्हतं."

हिशोब बांधावरच झाला. सहा रविवारांचे बारा तास आणि आजचा एक. पुढचे तीन रविवार पुंजारामच्या पाळीचे चारही तास वंदनाच्या मिरचीला गेले आणि बारा तास फिटले. वरचा एक तास वंदनानं सोडून दिला. पुंजाराम अजून तोच फेडतोय, दर रविवारी सकाळी नऊला, चर्चमध्ये मागच्या बाकावर.