बिनपायांचे टेबल

कुकरची शिट्टी झाली आणि मीटिंगमधल्या सगळ्या चेहऱ्यांनी एकदम कान टवकारले.

"कोणाचा कुकर आहे हा?" मॅनेजरबाईंनी विचारले.

कोणी बोलेना. बोलणार कोण? ज्याचा कुकर होता तो गृहस्थ ओट्याच्या कडेला लॅपटॉप टेकवून, कोपराने फोडणीचे भांडे मागे सारत, अगदी निष्पाप चेहरा करून बसला होता. बसला होता म्हणजे उभा होता. ओट्याला खुर्ची लागत नाही.

हा गृहस्थ विमा कंपनीत दावे तपासणारा. लोक नुकसानीचे कागद पाठवायचे आणि त्यात कोणी काय दडवले आहे ते हा शोधून काढायचा. "सत्य माहिती वेळेत कळवली नाही, सबब दावा नामंजूर" हे वाक्य त्याच्या बोटांना इतके सरावाचे, की दोन अक्षरे टंकली की उरलेली आपोआप उमटत. ऑफिसने जागा आवरती घेतली, तपासनिसांना घरी बसवले आणि हा खरेपणाचा पहारेकरी स्वतःच्याच स्वयंपाकघरात आश्रयाला आला.

"अहो, आता एक टेबल घ्या," बायको म्हणाली. "नाहीतर उद्यापासून मी तुमच्या लॅपटॉपवर पोळ्या लाटते."

"घेऊ की. पण ठेवायचं कुठे?"

खरा प्रश्न तोच होता. घर एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे. दुकानात बघितलेल्या प्रत्येक टेबलाएवढा वर्तमानपत्रांचा चौकोन तो घरी येऊन फरशीवर मांडून बघायचा. एक टेबल बसले, तर कपाटाचे दार उघडेना. दुसऱ्याने कपाट उघडू दिले, पण मग पलंगावर बाहेरच्या बाजूने चढता येईना. खिशाला परवडणारे होते ते खोलीत मावत नव्हते आणि खोलीत मावणारे खिशात मावत नव्हते. वर्तमानपत्रांवरून उड्या मारून बायकोचा पाय मुरगळला तेव्हा तिने निर्वाणीचे सांगितले, "आता एक तर टेबल, नाही तर मी!"

अखेर त्याला भिंतीवरचे टेबल सापडले. काम झाले की फळी खाली सोडायची, भिंतीला चिकटून बसते. पाय नाहीत म्हणून जागा खात नाही आणि पाय नाहीत म्हणूनच स्वस्त.

"भिंत भक्कम आहे ना?" दुकानदाराने सोबतचे लांबलचक बोल्ट पुढे करत विचारले.

"एकदम भक्कम," हा म्हणाला.

मनुष्य एरवी कितीही तोलून बोलणारा असो, स्वस्त वस्तू हातात आली की त्याच्या जिभेचा लगाम सुटतो. भिंत कसली? घरमालकाने एका मोठ्या घराची दोन घरे करताना मधे उभा केलेला तो फळ्यांचा पडदा होता, वरून रंग लावलेला. पलीकडे शिवणमावशी राहत. त्यांचे शिवणयंत्र चालू झाले की याच्या पाणी प्यायच्या भांड्यात लाटा उठत.

रविवारी दुपारी त्याने मागून आणलेल्या ड्रिल मशीनने भोके पाडली. बोल्ट असा आत गेला, जसा लोण्यात चमचा.

"अहो, बोल्ट केवढे, भिंत केवढी, काही बघितलंत का?" बायकोने विचारले.

"भिंतीतलं तुला काय कळतं?"

"मला नाही कळत. पण पलीकडे मावशी राहतात एवढं कळतं."

टेबल झकास बसले. त्याने त्यावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले. देवघरात सुद्धा त्याची एवढी एकाग्रता कधी झाली नव्हती.

सोमवारी सकाळी मीटिंग ऐन रंगात आली असताना टेबलाची पुढची कड हळूच वर उठली. त्याने हाताने दाबली. ती खाली गेली, तोच पलीकडून आवाज आला, "अगं बाई!" हात काढला, पुन्हा कड वर. लॅपटॉप मागे कलला आणि पडद्यावर याच्या चेहऱ्याऐवजी छत दिसू लागले.

"तुमच्याकडे भूकंप आहे का?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

"नाही नाही, जरा... नेटवर्क."

नेटवर्कने टेबल वर उठत नाही हे मॅनेजरबाईंना कळले असावे, पण त्या सभ्य होत्या. याच्या मात्र सगळे ध्यानात आले. बोल्ट भिंत ओलांडून पार मावशींच्या घरात निघाले होते आणि मावशी त्यांवर काहीतरी अडकवत होत्या.

"जा आणि सांगून या," बायको म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"काय सांगू? तुमची भिंत फोडली म्हणून?"

"तेच सांगायचं. दुसऱ्यांना पानपानभर ऐकवता की, वेळेत कळवलं नाही म्हणून."

तो वाक्य पाठ करत गेला. 'मावशी, माझ्या हातून चूक झाली.' दार उघडेच होते. मावशी मशीनवर बसल्या होत्या. मागे भिंतीतून त्याचे दोन बोल्ट बाहेर आले होते, एक सरळ, एक जरा वाकडा, आणि त्यांवर हँगरला लावलेले शिवून तयार असे दोन जाडजूड कोट लटकत होते.

"या भाऊ, या. बरं झालं आलात," मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "खुंट्या बघितल्यात का माझ्या?"

"मावशी, त्याचंच..."

"काल मी कपडे पोचवायला गेले होते. आले तर भिंतीला दोन खुंट्या! माझ्या लेकाशिवाय कोण करणार हो? वायरमन ना तो. साऱ्या जगाच्या भिंतींना भोकं पाडतो, आणि आईला दोन खुंट्या ठोकून दे म्हटलं तर आज येतो, उद्या येतो. आला तर आला, मला न सांगता करून गेला बिचारा!" मावशींनी चष्मा खाली ओढून त्याच्याकडे टक लावून पाहिले. "तुम्हाला काही आवाज आला असेल ना?"

याच क्षणी सांगून टाकायचे होते. देवसुद्धा माणसासाठी याहून मोठे दार उघडत नाही. पण मावशींचे डोळे पाणावले होते, आणि हा माणूस खरे बोलायला जेवढा भित्रा, तेवढाच कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्याला भित्रा.

"आवाज... आला होता खरा," तो म्हणाला.

"आणि लेक दिसला का?"

"दिसला. म्हणजे... जिन्यात. पाठमोरा."

घरी येईपर्यंत त्याचे कान लाल झाले होते.

"सांगितलंत?" बायकोने विचारले.

"सांगायलाच गेलो होतो. पण साक्ष देऊन आलो."

सगळे ऐकून बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, नुसतं गप्प बसायचं तरी! जिन्यात कशाला उभा केलात त्या बिचाऱ्याला?"

पुढचे दिवस मोठे अपमानाचे गेले. मावशींकडे कोटांची मोठी ऑर्डर आली होती. एकेक कोट शिवून टांगला जाई तशी इकडे टेबलाची कड वर चढे. मग हा कडेवर इस्त्री ठेवी. आणखी एक कोट आला की खलबत्ता. गिऱ्हाईक येऊन कोट घेऊन गेले की खलबत्त्यासकट टेबल धाडदिशी खाली येई आणि मीटिंगमधले लोक दचकत. न बघता तो सांगू शके, की पलीकडे आता कोट आहे की नुसते जाकीट.

तेही त्याने सोसले असते. पण समोर एक कागद आला होता. कोणा म्हाताऱ्याने गळक्या छताची माहिती उशिरा कळवली होती. 'आज सांगू, उद्या सांगू म्हणता राहून गेले, लाज वाटली,' असे त्याने सरळ लिहिले होते. तपासनिसाने सवयीने 'सत्य मा' एवढे टंकले आणि बोटे थांबली. समोरच्या भिंतीत आपल्याच बोल्टांची डोकी दोन डोळ्यांसारखी त्याच्याकडे बघत होती. त्याने टंकलेले खोडले आणि तो दिवसभर नुसता बसून राहिला.

शनिवारी पलीकडे पुरुषाचा आवाज आला. मावशींचा लेक!

"तूच केलंस ना रे? शेजारच्या भाऊंनी तुला जिन्यात बघितलं."

मग हळूच, "हो आई. मीच."

"गुणाचं बाळ माझं!"

थोड्या वेळाने याच्या दारावर टकटक झाली. दारात वायरमन, खांद्याला हत्यारांची पिशवी, मान खाली.

"भाऊ, तुम्ही मला जिन्यात बघितलंत?"

"नाही," तपासनीस जमिनीकडे बघत म्हणाला.

"बरं. मला वाटलं मला वेड लागलं." आत येऊन त्याने टेबल बघितले, बोल्टांची डोकी बघितली आणि त्याला सगळे उमगले. मग तो आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "तुमच्याच का खुंट्या? भाऊ, एक विनंती आहे. आईला सांगू नका. किती दिवस मागत होती, मला एक दुपार निघाली नाही. आज जेवायला वाढताना डोक्यावरून हात फिरवला तिनं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. पण तोंडातून 'मी नाही' निघेचना."

"माझ्याही नाही निघालं," तपासनीस म्हणाला.

दोघे शेजारी शेजारी पलंगावर बसले, मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. बायकोने दोघांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "छान जोडी जमलीय. आता एकमेकांच्या साक्षी काढा."

रविवारभर तपासनिसाला घास गोड लागला नाही. संध्याकाळी तो उठला, चप्पल पायात सरकवली आणि मागेपुढे न बघता मावशींच्या दारात जाऊन उभा राहिला. विचार केला तर पाय परत फिरतील हे त्याला ठाऊक होते.

"मावशी, त्या खुंट्या नाहीत. माझ्या टेबलाचे बोल्ट आहेत. तुमचा मुलगा आला नव्हता, मी त्याला पाहिलं नव्हतं, मी खोटं बोललो."

मावशींनी मशीन थांबवले.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"अहो, मी इथेच बसले होते! कुठे कपडे पोचवायला गेले नव्हते नि काही नाही. भिंतीतून पहिला बोल्ट उंदरासारखा नाक काढून आला, तेव्हा मी किंचाळायच्याच बेतात होते. दुसरा आला तेव्हा मात्र म्हटलं, बाई, असू दे. जागा बरोब्बर आहे."

तपासनिसाचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. "मग तुम्ही ते... मुलाचं..."

"तुम्ही दारात आलात तोंड एवढंसं करून. वाटलं, दुसऱ्याचं नाव घेतलं तर हा भला माणूस 'नाही मावशी, मीच' असं पटकन म्हणेल. तर तुम्ही जिन्यात माणूस उभा केलात!" मावशींना हसू आवरेना. "मग म्हटलं, साक्षीदार आयता मिळालाय, तर लेकाला फोन करून बघावा. रागावून बोलावलं तर येत नाही, कौतुकानं तरी येईल. आणि आला हो! कालची तुमची कुजबुजही ऐकली मी. एवढीशी भिंत, तिला काय लपतंय?"

याला वाटले धरणी दुभंगावी. म्हणजे आठवडाभर हा ज्यांच्यापासून लपत होता, त्या याला पहिल्या दिवसापासून लख्ख बघत होत्या!

"माफ करा मावशी. टेबल काढतो मी. भिंत नीट करून देतो."

"खबरदार! माझे कोट कुठे टांगू? आणि हे बघा भाऊ," त्यांचा आवाज खाली आला, आणि आता त्याही त्याच्याकडे न बघता कापडाची सुरकुती काढत बसल्या, "मीसुद्धा काही हरिश्चंद्राची लेक नाही. पोटच्या पोराला फसवून बोलावलं. काल त्याला वाढताना मलाच त्याच्याकडे बघवत नव्हतं. पण तो परत येतो म्हणालाय. तेव्हा त्याच्यापाशी काही बोलू नका. एवढं कराल?"

हो म्हणण्यावाचून दुसरे काय होते? दंड मिळाला असता तर भरून मोकळा झाला असता. इथे दंडही नाही, रागही नाही, उलट माय-लेकांची दोन गुपिते सांभाळायला मिळाली, आणि तीही एकमेकांपासून! घरी आला तर बायको भिंतीला कान लावूनच उभी होती. तिने नुसते पाणी आणून दिले.

सोमवारी त्याने म्हाताऱ्याचा छताचा दावा मंजूर केला. "उशिरा का होईना, खरं सांगितलं आहे," असे कारण लिहिले. मॅनेजरबाईंनी ते दोनदा वाचले आणि तब्येत बरी आहे ना, असे विचारले.

वायरमन खरोखर पुढच्या रविवारी आला. पलीकडे माय-लेकांचे बोलणे चालले होते.

"आणखी एक खुंटी हवी रे मला. त्या दोघींच्या मधे."

"लावतो की. छोटा बोल्ट आणलाय."

"छोटा नको. त्या दोन्हींएवढाच लांब हवा."

"आई, एवढा लांब कशाला? भिंत बघ केवढीशी..."

"मी सांगते ना!"

भोके पाडायचे मशीन घरघरले. तपासनीस टेबलाशी बसून चहा पीत होता. त्याच्या नाकासमोर रंगाचा एक पोपडा उडाला आणि भिंतीतून चकचकीत बोल्ट टोक काढून बाहेर आला, थेट चहाच्या कपावर. मशीन थांबले. मग मावशींचा अगदी साळसूद आवाज आला, "शेजारी काही कळलं नसेल ना रे?"

क्षणभराने दारावर टकटक झाली. वायरमन उभा होता. मान खाली, कान लालबुंद.

"भाऊ, माझ्या हातून जरा..."

तपासनिसाने मागे वळून पाहिले. बायकोने तेवढ्यात नव्या बोल्टावर याचा ऑफिसचा सदरा टांगून टाकला होता आणि ती त्याची कॉलर सरळ करत होती.

"तुमच्या हातून काय?" तपासनीस म्हणाला. "आम्हाला तर खुंटी हवीच होती. आत या, चहा निवतोय."